बँकॉकहून आईला

बँकॉक, जुलै २०२४, रात्री

ती. आईस शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही अन् मला ओरडता येत नाही, शेजारी आष्टीचे गुरुजी घोरतायत. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. चिऊला वाचायला लाव, मधलं गाळू नको म्हणावं.

इथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढं. पोट मात्र बीडच्याच वेळेवर. रात्री नूडल्स आल्या. गुरुजी म्हणाले, शाकाहारी आहेत. वासानंच कळलं, माशाचं पाणी घातलंय. मिठाच्या जागी तेच चालतं. टेबलावर चार बरण्या: तिखट, मिरच्यांचा व्हिनेगर, तेच माशाचं पाणी आणि साखर. पलीकडच्यानं नूडल्स तिखटात लाल केल्या अन् वर दोन चमचे साखर घातली! खोलीवर येऊन वहिनीची धपाटी काढली. ठेचा पुरवून खातोय. टूरवाल्यानं रोज भारतीय जेवण कबूल केलं होतं. विचारलं की ‘उद्या बघू, काका.’ पैसे घ्यायचे होते तेव्हा दिवसातून दोनदा फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी

मंदिरं झाली. आडवा बुद्ध ४६ मीटर लांब आहे, आमचे पाय दुखले. एका मोठ्या दुकानाबाहेर गणपती दिसला. पुढ्यात लाल सोड्याची बाटली, तीही नळी घालून. पावतीवर साल २५६७. हे लोक बुद्धाच्या निर्वाणापासून वर्षं मोजतात.

दुपारी कालव्यातून होडीनं गेलो, आपली एस्टी समज. कडेला ताडपत्री असते. पाणी उडालं की कडेच्या माणसानं दोरी ओढून ती वर घ्यायची. मी कडेला होतो, पाणीच बघत राहिलो. मागची बाई भिजली आणि काहीतरी बोलली, ते न कळलेलंच बरं. तिकिटवाली पोरगी हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या काठावरून चालत येते. पाणी काळं, वास मारतं. पण केवढं! मे महिन्यात आपण टँकरसाठी ड्रम लावून बसलो होतो.

गुरुजींनी वर एक सांगितलं. हे शहर खचत चाललंय, कारण वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी उपसलं. १९७७ साली कायदा केला, पुढं उपसा कमी झाला. नदी दारात असून यांनीही बोअरच घेतले! दादाला हे मुद्दाम ऐकव. यंदा आणखी खोल जायचं म्हणत होता ना?

बाजारात सीताफळांचे ढीग आहेत. आपली अजून सुपारीएवढी असतील, दसऱ्याशिवाय कुठली. किलोला सत्तर बाट, म्हणजे दीडशेच्या वर रुपये. गर भरपूर, बिया कमी, पण धारूरच्या फळाची चव नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीच जीआय मिळालंय, हे मी बाईला मराठीतच ठणकावलं. तिनं मान हलवली, आणखी अर्धा किलो तोललं आणि त्याचेही पैसे घेतले.

मोटारीचा स्टार्टर मिस्त्रीला दाखवला का? गोळ्या जेवणानंतर घे, आधी नाही. टूरवाला खाली हॉर्न वाजवतोय, आज म्हणे खरंच डाळभात आहे.

तुझा,
बाळू