योजना कुणाची ते सोडा, दवाखाना कुणाचा ते विचारा

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य योजनांवरून दोन तट पडतात. एक म्हणतो, गरिबाला पाच लाखांचा उपचार मोदींनी दिला. दुसरा म्हणतो, मूळ योजना काँग्रेसची, यांनी फक्त पाटी बदलली. जयंतीच्या बैठकीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत हा वाद रंगतो. दोन्ही बाजूंना आपापले पुरावे सापडतात. आजारी माणूस मात्र या वादात कुठेच नसतो.

आधी इतिहास नीट पाहू. 2012 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि पुढच्या वर्षी राज्यभर नेली. पिवळे-केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. 2017 मध्ये भाजप-शिवसेना सरकारने या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. 2020 मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात, राज्यात दोन्ही योजना एकत्र राबवायला सुरुवात झाली. 2023 मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्वांना सामावून घेण्याचा निर्णय केला.

म्हणजे चार सरकारे आली, आणि गाभा कुणीही बदलला नाही. यादीतला आजार असेल, तर ठरलेल्या पॅकेजप्रमाणे सरकार रुग्णालयाला पैसे देणार, मग ते रुग्णालय खासगी का असेना. नावावरून जे पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, त्यांचे या गाभ्यावर पूर्ण एकमत आहे. आपल्याला भांडण दाखवले जाते आणि त्यांचे एकमत आपल्या नजरेतून सुटते.

इतर राज्यांतही तेच. पश्चिम बंगाल सरकार 2019 च्या सुरुवातीलाच आयुष्मानमधून बाहेर पडले. ओडिशा आणि दिल्ली या योजनेत आले ते थेट 2025 मध्ये, दोन्हीकडे भाजपचे सरकार बसल्यानंतर. आजार तोच, देश तोच, पण कार्ड चालणार की नाही हे मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचा यावर ठरले. राजस्थानात काँग्रेस सरकारची चिरंजीवी योजना होती. भाजप सरकार आल्यावर 2024 मध्ये तिचे नाव बदलले.

याच राजस्थानात एकदा गाभ्याला हात लागला होता. मार्च 2023 मध्ये तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्क कायदा मंजूर केला. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार दिलेच पाहिजेत, हा त्यातला कळीचा मुद्दा. भाजपने विरोध केला. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोन आठवडे दवाखाने बंद राहिले. शेवटी ज्या खासगी रुग्णालयांनी सरकारकडून सवलतीत जमीन वगैरे घेतलेली नाही, त्यांना कायद्यातून वगळण्याचे सरकारने मान्य केले. सरकार बदलेपर्यंत कायद्याचे नियमही तयार झाले नव्हते. सरकार पैसे देते तोवर योजनेला कुणाची हरकत नसते. रुग्णाच्या हाती हक्क आला की खरी लढाई सुरू होते.

नावावरून माणसे कशी विभागली जातात, हे अमेरिकेच्या उदाहरणातून आणखी स्पष्ट होते. बराक ओबामांनी 2010 मध्ये आरोग्य विम्याचा मोठा कायदा केला. विरोधकांनी त्याला ‘ओबामाकेअर’ हे नाव चिकटवले. केंटकी राज्यात याच कायद्याखाली ‘काइनेक्ट’ नावाची विमा नोंदणीची सोय सुरू झाली. 2014 च्या एका जनमत चाचणीत तिथल्या 57 टक्के लोकांनी ओबामाकेअरबद्दल प्रतिकूल मत दिले, पण काइनेक्टबद्दल प्रतिकूल मत देणारे फक्त 22 टक्के निघाले. कायदा एकच होता. एका नावात काळा राष्ट्राध्यक्ष दिसत होता, दुसऱ्या नावात दिसत नव्हता. वर्णद्वेष किती आणि पक्षद्वेष किती, हे तिथे वेगळे काढणे अवघड आहे. जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

त्याच देशातला दुसरा अनुभवही पाहा. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेत जास्त लोकांना घ्यायचे की नाही, हे 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांवर सोडले. दक्षिणेतल्या अनेक रिपब्लिकन राज्यांनी नकार दिला, आणि त्याची झळ गरीब काळ्या कुटुंबांना मोठ्या प्रमाणात बसली. पण आयडाहो, युटा, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिसुरी, साउथ डकोटा या रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यांत हाच प्रश्न थेट जनमतासाठी ठेवला, तेव्हा लोकांनी होकार दिला. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नव्हते, फक्त प्रश्न होता. लोकमत दुभंगलेले असते ते प्रश्न कसा विचारला त्यामुळे. प्रश्न बदलता येतो, आणि चळवळीचे काम तेच आहे.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. रुग्णांसोबत कागदपत्रे घेऊन फिरताना आम्ही जे पाहतो, ते दोन्ही पक्षांच्या जाहिरातीत नाही. कंत्राटी सफाई कामगार महिलेला साखर आणि बीपी आहे. दर महिन्याच्या गोळ्यांना हे कार्ड लागत नाही, कारण ती रुग्णालयात भरती नाही. कामावर हात सापडलेल्या तरुणाला एका खासगी रुग्णालयात आधी डिपॉझिट मागतात. मंजुरी येईपर्यंत आमची दोन मुले आरोग्यमित्राच्या टेबलाशी संध्याकाळपर्यंत उभी असतात. कुणाचा आजार ‘पॅकेजमध्ये बसत नाही’. कुणाचे रेशन कार्ड गावाकडे आणि माणूस शहरात. एक मावशी आम्हाला म्हणाल्या, “बाळांनो, ह्ये कार्ड मोदीचं हाय का फुल्यांचं, ते डॉक्टर इचारीत न्हाई. त्यो म्हणतो, गोळ्या भाईरून आणा.”

मावशींचे म्हणणे सरकारी आकडेच सिद्ध करतात. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोक थेट आपल्या खिशातून करतात. सरकारचा आरोग्यावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवले होते. या आकड्यांवरून कोणत्या टीव्ही चॅनेलवर हाणामारी झालेली आम्ही पाहिली नाही.

काही साथी म्हणतात, “गरिबाचे ऑपरेशन फुकट होते आहे, मग योजनेत खोट कशाला काढता?” ऑपरेशन होते हे खरे आहे. डायलिसिस आणि कॅन्सरचे रुग्ण या कार्डावर जगत आहेत. म्हणून कार्ड काढून देण्याचे काम थांबवू नका, शिबिरे घ्या. पण कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे. वस्तीजवळचे आरोग्य केंद्र, तिथला डॉक्टर, तिथल्या गोळ्या या गोष्टी कार्डातून निघत नाहीत.

दुसरे साथी म्हणतात, “आपला मुख्य प्रश्न आरक्षणाचा आणि अत्याचाराचा आहे.” दवाखान्याचा प्रश्न त्याहून वेगळा कसा? सरकारी रुग्णालयात परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर यांची कायम पदे भरली तर आरक्षण लागू होते. खासगी रुग्णालयाच्या भरतीत ते नाही. जागा जितक्या कंत्राटी आणि खासगी होतील, तितकी आपली मुले बाहेर राहतील, आणि झाडू तेवढा आपल्या हातात राहील. अत्याचाराचे म्हणाल तर नांदेड आठवा. 2023 च्या ऑक्टोबरात तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यांत 12 नवजात होते. विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. सत्ताधारी बाजूचे एक खासदार रुग्णालयात गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे होते. खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवला गेला. मनुष्यबळ आणि औषधांचा प्रश्न तसाच राहिला आणि शिक्षा कॅमेऱ्यासमोर एका आदिवासी डॉक्टरला मिळाली.

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सुरू झाले. त्यातून पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, अशी मांडणी केली. शिवाय ही आर्थिक रचना घटनेतच लिहावी, म्हणजे सभागृहातले बहुमत बदलले तरी ती मोडता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. गरिबाचे संरक्षण सत्तेवर कोण बसले यावर अवलंबून राहू नये, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. शेवटी घटनेत ती रचना आली नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून कलम 47 मध्ये आले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, जिथे कोर्टात दाद मागता येत नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या एका खटल्यात सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो धागा पुढे नेणे आपले काम आहे.

आणि फुल्यांच्या नावाचे काय? 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर होता, पुण्याजवळ त्याचा दवाखाना होता, आणि त्या रुग्णांना तिथे नेत होत्या. फुले घराण्याने दवाखाना उघडला. त्यांचे नाव वापरणाऱ्या सरकारला तेवढेच विचारायचे आहे की दवाखाना उघडा आहे का.

म्हणून यापुढे दारात कोणत्याही पक्षाचा उमेदवार आला तर त्याला हे प्रश्न विचारा. आमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात किती पदे मंजूर आहेत आणि किती भरली आहेत? साखर-बीपीच्या गोळ्या महिनाभर पुरतात का? तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागणाऱ्या रुग्णालयावर तुम्ही काय कारवाई कराल? आरोग्य हक्काचा कायदा करणार का, हो की नाही? उत्तरे लेखी घ्या, विहाराच्या फलकावर लावा, आणि खाली पक्षाचे नाव लिहू नका. वस्तीला आधी उत्तर वाचू द्या. पदांची संख्या माहितीच्या अधिकारात मागवता येते. अर्ज लिहायला एक संध्याकाळ पुरते.

जय भीम!