माजरीहून बल्लारपूरच्या किल्ल्याकडे

वर्ध्याहून दक्षिणेकडे निघालेली गाडी वरोरा सोडून माजरीला येते, तेव्हा खिडकीबाहेर कोळशाचे ढीग दिसू लागतात. येथून एक फाटा वणीकडे वळतो. मुख्य मार्गावरचे पुढचे स्थानक भांदक. बहुतेक जैन यात्रेकरू तेथेच उतरतात, कारण भांदक म्हणजे भद्रावती, स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ. पूजा, भोजनशाळा, धर्मशाळेतील एक रात्र आणि सकाळी परतीची गाडी, असा कुटुंबांचा क्रम ठरलेला असतो. दुकान फार दिवस बंद ठेवता येत नाही, हे त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. परंतु याच लोहमार्गावर थोडे पुढे गोंड राजांची बल्लारपूर आणि चंद्रपूर ही दोन्ही राजधानीची स्थाने आहेत, आणि त्यांच्यासाठी एक दिवस वाढविल्यास तो वाया जात नाही.

बल्लारपूरचा किल्ला शहराच्या कडेला, वर्धा नदीच्या काठावर उभा आहे. खांडक्या बल्लाळशाह या राजाने पंधराव्या शतकात तो बांधला, असे परंपरा सांगते. डोंगरी किल्ले पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना येथे चढण नाही याचे प्रथम नवल वाटते. सपाट जमिनीवरचा हा चौकोनी भुईकोट. त्याचे बळ तट, बुरूज आणि दरवाजे यांत साठविलेले. पहिल्या दरवाजातून आत शिरताच दुसरा दरवाजा समोर दिसत नाही, तो काटकोनात वळलेला आहे. वेगाने चालून आलेल्या शत्रूला या अरुंद जागेत थबकावेच लागे. नदीच्या अंगाला एक लहान दरवाजा आहे. त्यातून खाली पाहिले की पाणी आणि वाळू दिसते, आणि राजाने हीच जागा का निवडली ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. आतील राजवाड्याचे मात्र भग्न अवशेषच उरले आहेत.

राजाच्या अंगावर फोड होते, अशी कथा सांगितली जाते. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील झऱ्याच्या पाण्याने ते बरे झाले, आणि राणीच्या सल्ल्याने तेथेच नवी राजधानी वसविण्याचे ठरले. तेच चंद्रपूर. कथा बाजूला ठेवली तरी परकोट खरा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांतून आजही वाहने जातात. हत्तीवर मात करणारा सिंह हे गोंड राज्याचे चिन्ह दरवाजांवर कोरलेले आहे. इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यात शहर वसल्याने वर्धेला पूर आला की इरईचे पाणी फुगून पठाणपुऱ्यापर्यंत येते. तट शत्रूसाठी बांधला, पण कामाला येतो तो पुराच्या वेळी!

अशा तटावर झाडे वाढली, त्यांच्या मुळांनी दगड सुटू लागले, कचरा साचला. २०१७ साली इको-प्रो संस्थेचे तरुण कुदळी-फावडी घेऊन रोज तो साफ करू लागले, आणि त्याच वर्षी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. जीर्णोद्धार हा शब्द जैन घरांत नवा नाही. भद्रावतीची श्यामवर्ण मूर्तीही जंगलात उपेक्षित होती. अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि संघाने मंदिर पुन्हा उभे केले, अशी श्रद्धा आहे. देवळाला संघ मिळाला; राजवंश सरलेल्या किल्ल्याला असा हक्काचा वारस नाही. देणगीची पावती फाडताना हा फरक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळची नवकारशी आटोपून भद्रावतीहून निघावे, आधी बल्लारपूर पाहावे आणि परतताना चंद्रपूरचा परकोट. दुपारी उशिरापर्यंत रेंगाळले नाही, तर सूर्यास्तापूर्वी भोजनशाळेत पोहोचता येते. उन्हाळ्यात मात्र हा बेत आखू नये. चंद्रपूरचे ऊन तटाच्या दगडालाही हात लावू देत नाही.