ग्योटिंगेन मुक्कामीं दुरेघी वही

परदेशीं निघालेल्या मनुष्याची पेटी उघडून पाहिली, म्हणजे तो कोणत्या गांवचा आणि कोणत्या घरचा हें निराळें विचारावें लागत नाहीं. जूनच्या आरंभीं आम्ही उभयतां अमरावतीहून जर्मनीस निघालों, तेव्हां आमच्या एका पेटींत मेतकूट होतें, ज्वारीच्या पापड्या होत्या, अंबादेवीचें कुंकू होतें, आणि तळाशीं बारा दुरेघी वह्या होत्या. विमानांत मनुष्यागणिक तेवीस किलोंचें माप. त्यांतले सव्वादोन किलो वह्यांनीं घेतले, म्हणून काळ्या मसाल्याचा डबा अर्धा रिकामा करावा लागला. "तिथं काय वह्या मिळत नाहींत?" हा प्रश्न बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत आम्हांस तीन वेळां ऐकावा लागला. वह्या मिळतात; पण दुरेघी मिळत नाहीं, असें आमचें उत्तर होतें.

आमचे चिरंजीव ग्योटिंगेन येथें एका संशोधनसंस्थेंत आहेत. परवान्याच्या नियमाप्रमाणें आम्ही तेथें नव्वद दिवसांचे पाहुणे. या नव्वद दिवसांत सात वर्षांच्या नातवास देवनागरी अक्षरें वळणदार लिहितां यावींत, एवढाच आमचा संकल्प होता. त्यास कारणही तसेंच होतें. अकोल्यास आमच्या वडील भगिनी असतात. त्यांना घरांत सर्व माई म्हणतात. वय एकोणऐंशी, काचबिंदूनें दृष्टि मंद होत चाललेली. "पोट्ट्याच्या हातचं एक पत्र मला दिसतंय तोंवर येऊं दे," असें त्यांनीं आम्हांस निघतांना सांगितलें होतें. टेलिफोनवर तो त्यांच्याशीं बोलतो. पण पत्र तें पत्र. आम्हांस स्वतःस पाटीवर 'श्रीगणेशा' माईंनींच गिरवून दिला होता.

दुरेघी वही म्हणजे काय, हें ज्यांनीं लहानपणीं कित्ता गिरविला त्यांस सांगावयास नको. दोन रेघांची जोडी, मग मोकळी जागा, पुन्हा जोडी. वरच्या रेघेस अक्षराचें डोकें लागावें, खालच्या रेघेस त्याचा पाय. मधल्या मोकळ्या जागेंत वरच्या ओळीचे उकार उतरतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या चढतात. हात बसलेल्या मनुष्यानें एकरेघी वहींत खुशाल लिहावें. हात बसवावयाचा असेल तर दुरेघीच पाहिजे. मॅट्रिकच्या पुढें आम्ही गेलों नाहीं. संस्कृत शिकलों तें एका शास्त्रीबुवांच्या ओसरीवर. आणि चौतीस वर्षें अमरावतीच्या एका प्राथमिक शाळेंत मुलांचीं अक्षरें सुधारलीं. इतक्या वर्षांत ही वही कधीं कमी पडल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

अमरावतीस वह्या घेण्याचा खरा हंगाम जूनच्या उत्तरार्धांत. विदर्भांत उन्हामुळें शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, आणि तेव्हां जवाहर गेटाच्या आंतल्या गल्ल्यांतून चालणें कठीण होतें. हा दरवाजा ज्या परकोटाचा, तो निजामाच्या अमदानींत 1807 च्या सुमारास पेंढाऱ्यांच्या भीतीनें बांधावयास घेतला. आंत कापसाचे श्रीमंत व्यापारी होते, त्यांचें रक्षण हा हेतु. पेंढारी गेले, परकोट जुना झाला, आणि आज त्याच्या सावलींत मुलें बापाचा हात ओढून वहीवरचें चित्र निवडतात. नव्या कागदाचा आणि खळीचा वास, भुऱ्या कव्हरांचे गठ्ठे, पहिल्या पावसाची चिन्हें. हा बाजार आम्हांस ऋतूसारखा वाटतो.

आमच्या वहीप्रेमाचें मूळ मात्र अकोल्यास आहे. आमचे तीर्थरूप तेथें एका कापसाच्या अडत दुकानांत मुनीम होते. त्यांच्या चोपड्या लाल कापडाच्या, लांबट, दोऱ्यानें बांधलेल्या, आणि त्यांत एकही रेघ छापलेली नसे. पानास घड्या घालून जमा-नांवांचे रकाने पाडीत. (5 जुलै 2019 रोजीं अर्थमंत्र्यांनीं चामडी पेटीऐवजीं लाल वस्त्रांत गुंडाळून अंदाजपत्रक संसदेंत नेलें, तेव्हां पुष्कळांस नवल वाटलें, आम्हांस आमचे वडील दिवाळींत लक्ष्मीपूजनास निघालेले दिसले.) ते मोडी लिहीत. मोडीची रीत अशी कीं, आधीं कागदाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक सरळ रेघ ओढावयाची, आणि मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत जावयाचें. रेघ आधीं, अक्षर मागाहून. आम्ही लहानपणीं त्यांच्या गुडघ्याशीं बसून ती रेघ पाहत असूं. ती ओढतांना ते श्वास धरीत.

आणि याहूनही मागें जावयाचें तर आमच्याच जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर आहे. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं तेथें 'लीळाचरित्र' सिद्ध केलें, आणि मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. हस्तलिखितें करणारे जुने लेखक छापील रेघा कोठून आणणार? पाटीवर ओळीओळीनें दोरे ताणून बसवीत, तिच्यावर कागद ठेवून बोटानें दाबीत, म्हणजे कागदावर रेघांचे वळ उमटत. त्या वळांस अक्षरें टांगीत. सारांश, आमची लिपि रेघेवर बसत नाहीं, रेघेस लोंबते. हें आम्ही शाळेंत हजार वेळां बोललों असूं, पण त्याचा अर्थ आम्हांस ग्योटिंगेनला एका मुलानें शिकविला.

तेथें पोंचलों तों दोन पेट्यांपैकीं नेमकी वह्यांची पेटी वाटेंत कोठेंतरी राहिली. "मसाला गेला तो गेलाच, तुमच्या वह्याही गेल्या," एवढें म्हणून घरून आमचें सांत्वन झालें.

ग्योटिंगेन हें गांव आम्हांस अनोळखी वाटावयास नको होतें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत 1866 पासून 1881 पर्यंत ज्यांनीं संस्कृत शिकविलें, पतंजलीच्या महाभाष्याची शुद्ध प्रति ज्यांनीं छापून दिली, ते कीलहॉर्न पुढें 1882 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1908 पर्यंत, याच विद्यापीठांत अध्यापक होते. डॉक्टर भांडारकरांस 1885 मध्यें डॉक्टरची पदवी दिली तीही याच विद्यापीठानें. गांवाभोंवतीं जुन्या तटाचा उंचवटा राहिला आहे, त्यावर दुतर्फा झाडें. सकाळीं त्या वाटेनें एक प्रदक्षिणा केली म्हणजे आम्हांस अमरावतीचा परकोट आठवे. बाजारचौकांत हंस घेऊन उभ्या असलेल्या मुलीचें कारंजें आहे, आणि जुन्या नगरभवनाजवळ लिख्टेनबेर्ग नांवाच्या एका ठेंगण्या, कुबड आलेल्या पंडिताचा पुतळा आहे.

या लिख्टेनबेर्गचा आमच्या विषयाशीं संबंध आहे. त्यानें 1786 मध्यें एका पत्रांत लिहून ठेवलें कीं, कागदाची लांबी व रुंदी एका विशिष्ट प्रमाणांत असली, तर तो अर्धा दुमडल्यावरही त्याचा आकार तोच राहतो. जर्मनांनीं 1922 मध्यें तेंच प्रमाण कायद्यासारखें पक्कें केलें, आणि आज आपल्याकडेही ज्यास 'ए फोर' म्हणतात तो कागद त्याच मापाचा. प्रमाण कोणतें? चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण यांचें. आमच्या शुल्बसूत्रांत यासच द्विकरणी म्हणतात, आणि बौधायनानें यज्ञवेदीसाठीं तिचें मान दशांशाच्या पांच स्थळांपर्यंत बरोबर येईल असें दिलें आहे. त्या पुतळ्यापुढें उभे राहून आम्हीं हें नातवास सांगितलें. तो म्हणाला, "आजोबा, आइस्क्रीम?"

वह्यांचा शोध मात्र सुरू ठेविला. दुकानांत भिंतीभर वह्या होत्या: चौकड्यांच्या, ठिपक्यांच्या, कोऱ्या. एक काळ्या पुठ्ठ्याची, रबरी फीत लाविलेली इटालियन वही फार मानानें कांचेंत ठेविली होती. तिच्या वेष्टनावर हेमिंग्वे व पिकासो यांचीं नांवें. पण ही कंपनीची वही 1997 मध्यें मिलानला निघाली, म्हणजे त्या दोघांच्याही मरणानंतर! किंमत पाहून आम्हीं ती जागच्या जागीं ठेविली. शेवटीं साधी एकरेघी वही घेतली आणि रात्रीं पट्टी घेऊन पेन्सिलीनें दहा पानांवर दुसरी रेघ आंखली.

दुसऱ्या दिवशीं पाठ सुरू झाला. नातवानें 'अकोला' लिहिलें. प्रत्येक अक्षर खालच्या रेघेवर नीट टेकलेलें, आणि डोकीं मात्र वाटेल तितक्या उंचीवर. चिखलदऱ्याच्या वाटेवरून सातपुड्याची कड दिसते तशी ती ओळ दिसूं लागली. आम्हीं खोडलें, पुन्हा लिहावयास सांगितलें. सहाव्या वेळीं आमचा आवाज चढला. शिक्षकाची जुनी खोड. पेन्शन मिळाली तरी ती जात नाहीं. मुलानें वही मिटली. "शाळेत बाई म्हणतात, रेघेवर बसव. तुम्ही म्हणता, रेघेला टांग. मला नाही लिहायचं." आणि तो आपल्या खोलींत गेला.

पांच दिवस त्यानें मराठी अक्षर काढलें नाहीं. सून कांहीं बोलली नाहीं, पण जेवतांना तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं तें आम्हांस कळलें. नव्वदांतले बावीस दिवस गेले होते. मुलगा वाईट लिहितो याचें दुःख थोडें; आमच्या हातून त्यास मराठीचा कंटाळा आला, ही गोष्ट जिवास लागली. माईंचा फोन आला तेव्हां आम्हीं खोटेंच सांगितलें कीं, पत्र चाललें आहे.

सहाव्या दिवशीं त्याच्या दप्तरांतून एक कव्हर घातलेली पातळ वही आम्हीं सहज उचलली. (तेथें प्रत्येक विषयाच्या वहीस निराळ्या रंगाचें कव्हर असतें, भाषेचें तांबडें.) पहिल्या इयत्तेची ती वही. सोळा पानांची, आमच्या मानानें पापडासारखी. पण उघडून पाहतों तों प्रत्येक ओळीस चार रेघा! मधला पट्टा किंचित् रंगीत. "हें काय रे?" म्हणून विचारलें. तो दारांतूनच म्हणाला, "घर आहे. वर माळा, मध्ये घर, खाली तळघर." तेथील शिक्षक मुलांस असेंच शिकवितात: त्यांचीं कांहीं अक्षरें माळ्यापर्यंत जातात, कांहीं तळघरांत पाय सोडतात, पण राहतात सगळीं मधल्या घरांत.

आम्ही थोडा वेळ त्या चार रेघांकडे पाहत राहिलों. वेलांटी, मात्रा, रफार माळ्यावर. अक्षर मधल्या घरांत. उकार, ऋकार तळघरांत. दुरेघी वहींत ज्या गोष्टी मोकळ्या सोडलेल्या असतात, त्यांस येथें स्वतःची जागा होती. "तुमचीं अक्षरें जमिनीवर उभीं राहतात," आम्ही म्हणालों, "आमचीं छतास टांगलेलीं असतात. घर तेंच." तो जवळ आला. "वटवाघळांसारखी?" "होय," आम्ही म्हणालों. पाणिनि व पतंजलि आम्हांस क्षमा करोत.

त्यानें त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर 'अकोला' लिहिलें. डोकीं एका रेघेंत आलीं. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, दुसरें काय! अशा वह्या प्रत्येक दुकानांत, युरोच्या आंतल्या किंमतीस, नंबर घालून ठेविलेल्या होत्या. लहान मुलांच्या म्हणून त्या कप्प्याकडे आम्ही फिरकलोंच नव्हतों. इयत्ता वाढेल तसें रेघांतलें अंतर कमी होतें आणि अखेर एकच रेघ राहते.

सतराव्या दिवशीं हरवलेली पेटी घरीं आली होती, आणि बारा वह्या सुखरूप होत्या. पण रुसव्याच्या त्या दिवसांत ती उघडण्याचें मन झालें नव्हतें. आतां मोठ्या हौसेनें एक वही त्याच्यापुढें ठेविली. त्यानें बोटानें रेघा मोजल्या. "याला माळा कुठे आहे?" त्या वह्यांत आम्ही सध्यां रोजचा खर्च लिहितों.

पत्र जुलैच्या आरंभीं गेलें आणि एकोणीस दिवसांनीं अकोल्यास पोंचलें. माईंनीं फोन केला. "काहून रे, उकार एवढे लांब काढले पोट्ट्यानं? विहिरींत पोहरा सोडला का?" मग थोडें थांबून, "पण ओळ सरळ आहे. मात्र निळी शाई मला दिसत नाहीं. अर्धं मला शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं." तेथील शाळेंत मुलें निळ्या शाईनें लिहितात. आम्हीं त्याच दिवशीं काळ्या शाईचें पेन आणलें.

ऑगस्टच्या अखेरीस परत आलों. अमरावतीस आमच्या नेहमींच्या दुकानदारापुढें जर्मन वही ठेवून विचारलें कीं, मराठीसाठीं अशी कोणी छापून देईल काय. तो हंसला. मागच्या फळीवरून त्यानें एक वही काढली. "गुरुजी, ही इंग्रजीची चौरेघी. तुमच्याच शाळेला आम्ही वर्षानुवर्षं देतों." वर-खालीं तांबडी रेघ, मध्यें दोन निळ्या. चौतीस वर्षें ती आमच्या टेबलावर गठ्ठ्यांनीं पडलेली असे, आणि तींत मराठी लिहून पाहावें असें एकदांही सुचलें नव्हतें. सहा वह्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशीं मूर्तिजापुरावरून जाणाऱ्या बसनें अकोल्यास गेलों. नातवाचें दुसरें पत्र बरोबर होतें, काळ्या शाईचें, टपोऱ्या अक्षरांचें. माईंनीं तें खिडकीशीं नेऊन डोळ्यांस अगदीं लावून धरलें आणि स्वतः वाचलें. दोन ठिकाणीं अडल्या, पण आम्हांस सांगूं दिलें नाहीं. मग म्हणाल्या, "ती वही इकडे दे. उत्तर मीच लिहितें." छापील रेघा त्यांस दिसेनात. आम्हीं पट्टी घेतली आणि एका पानावरच्या चारही रेघा जाड काळ्या पेनानें ओढून दिल्या. त्यांनीं पेन हातांत धरलें, बोटानें वरची रेघ चांचपली, आणि तिच्याखालीं 'चि.' लिहिलें.