सव्वादोनचा हात

पुण्यातल्या पेठांना आपापले स्वभाव आहेत. सदाशिव पेठेत शिरले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो; नाना पेठेत शिरले की तो वर चढवावा लागतो, एरवी कोणाला ऐकूच जात नाही. नाना फडणविसांचे नाव मिरवणाऱ्या या पेठेत आज दुचाकींच्या सुट्या भागांचा बाजार आहे. दुकानांच्या दारांवर आरसे, हेल्मेटे आणि सीटची कव्हरे तोरणासारखी लटकलेली. ग्रीस, रबर आणि उकळता चहा यांचा मिळून एक वास. एक अख्खी मोटारसायकल येथून तुकड्यातुकड्यांनी घरी नेता येईल. पेट्रोल तेवढे बाहेरून आणावे लागेल!

मी मराठीचा प्राध्यापक. सुटे भाग म्हटले की मला प्रत्यय आणि उपसर्ग आठवतात. तेव्हा गेल्या वर्षी आश्विनातल्या एका शनिवारी मी या पेठेत काय करीत होतो, हे सांगायला हवे. मी पत्नीच्या मोटारसायकलसाठी लिव्हर शोधत होतो.

‘पत्नीच्या’ हा मुद्रणदोष नव्हे. आमच्या घरी मोटारसायकल ती चालवते. मी मागे बसतो. ती सासवडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आम्ही राहतो हडपसरला. म्हणजे रोज दिवे घाट चढायचा आणि रोज उतरायचा. “स्कूटर घे,” असे सर्वांनी सुचवले. पण तिला मोटारसायकल शिकवली होती तिच्या वडिलांनी, आणि वडिलांनी दिलेली विद्या सोडायला ती तयार नव्हती. स्वतःच्या पगारातून तिने साडेतीनशे सी.सी.ची गाडी घेतली. गाडी उत्तम. अडचण एकच होती. तिच्या हातात सव्वादोनची बांगडी बसते, आणि गाडीचे लिव्हर कोणा अडीचच्या हाताच्या माणसासाठी बसवलेले होते.

भाद्रपदात एके दिवशी घाटात पुढचा ट्रक एकाएकी थांबला. मूठ सोडून बोटे ब्रेकपर्यंत पोचायला तिला अर्धा क्षण लागला. ट्रकची फळी आणि गाडीचे चाक यांच्यात हातभर अंतर उरले. हे तिने मला चार दिवसांनी सांगितले, आणि तेही मी विचारले म्हणून. कणीक मळता मळता ती मधेच थांबून डाव्या हाताची मूठ उघडमीट करीत होती. तो क्लचचा हात.

“अहो, मी संस्थेकडे बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय,” ती म्हणाली. “हडपसरच्या शाखेत जागा होईल कदाचित.”

अकरा वर्षे ती त्या शाळेत आहे. तिथल्या मुलांची नावे ती आमच्या घरात भाचे-पुतण्यांसारखी घेते. तो अर्ज म्हणजे काय, हे मला निराळे समजावून सांगायला नको होते.

तुळशीबागेत बांगड्या घ्यायला जा. बांगडीवाला आधी हात पाहतो, मग पेटी उघडतो. मोटारसायकल मात्र हात न पाहताच विकली जाते. या विचारानेच आम्ही दोघे नाना पेठेत आलो होतो.

“अ‍ॅडजस्टेबल घ्या सर,” दुकानदाराने जोडी माझ्याच हातात ठेवली. “नऊशे रुपये. इथे चकती फिरवली की लिव्हर मुठीच्या जवळ येतो, लांब जातो. सहा नंबर आहेत.”

मी ती जोडी पत्नीकडे दिली. दुकानदाराने एकवार तिच्याकडे, एकवार माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या व्यवहारी मनाने परिस्थिती ताबडतोब स्वीकारली. “ताई, हा आखूड बघा. फॅशन आहे त्याची.”

“नको,” ती म्हणाली. “तरफेचा दांडा आखूड झाला की जोर जास्त लागतो. माझं दुखणं जोराचंच आहे. लांबच द्या.”

आर्किमिडीजने नाना पेठेत घासाघीस केली असती, तर ती याहून निराळी झाली नसती.

जवळच्याच बोळात एक वयस्क मिस्त्री होते. लिव्हर बदलणे तसे सोपे काम आहे. क्लचची तार ढिली करायची, तिच्या नटाची खाच लिव्हरच्या खाचेसमोर आणायची, म्हणजे तार अलगद बाहेर येते. मग खालचा नट आणि वरचा बोल्ट काढला की जुना लिव्हर हातात. मिस्त्रींनी नव्याच्या भोकाला ग्रीस लावले, तो बसवला आणि तारेला दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक ठेवली. क्लचचे काम दहा मिनिटांत झाले.

ब्रेकचा लिव्हरही बसवून झाला. मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचे चाक उचलून हाताने फिरवले, आणि ते थबकले. चाक अर्धा फेरा फिरून अडत होते. त्यांनी जुना आणि नवा लिव्हर शेजारी शेजारी धरले. पिस्टनला टेकणारे नव्याचे टोक केसभर जास्त लांब होते.

“ताई, हा ब्रेक कायम थोडा दाबलेलाच राहणार,” ते म्हणाले. “तेलाला परत जायचं भोक मोकळं होत नाही. गाडी चालली की तेल तापून फुगतं, ब्रेक आणखी आवळतो. घाट उतरताना चाक जागीच धरलं असतं.”

माझ्या पोटात खड्डा पडला. घरी, सुट्टीच्या दिवशी, पान्हा घेऊन हे काम स्वतःच करण्याचा माझा बेत होता. मी लिव्हर बसवला असता, नट आवळला असता आणि अभिमानाने हात धुतले असते. चाक फिरवून पाहण्याचे मला सुचले नसते. पत्नीच्या रक्षणासाठी निघालेल्या माणसाने नऊशे रुपयांत काय विकत घेतले असते, याचा विचार मी आजही फार वेळ करीत नाही.

दुकानदाराने कुरकुरत, पण दिली बदलून. दुसऱ्या जोडीचे टोक जुन्याशी तंतोतंत जुळले. चाक मोकळे फिरले, ब्रेक दाबताच मागचा दिवा लागला. आता चकतीचा नंबर. पत्नीने सर्वांत जवळचा निवडला. मिस्त्रींनी इंजीन बंद ठेवून पहिला गिअर टाकला, तिला क्लच दाबायला सांगितला आणि गाडी ढकलली. गाडी हलेना. लिव्हर मुठीला टेकत होता, पण क्लच पुरता सुटत नव्हता. “एक घर मागे या,” मिस्त्री म्हणाले. एक घर मागे येताच गाडी सुरळीत ढकलली गेली. तोच तिचा नंबर ठरला.

रविवारी सकाळी आम्ही घाटाकडे निघालो. वडकी मागे पडली, खाली मस्तानी तलाव पाण्याने चमकत होता. वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हाच घाट चढते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ असा, की तेथे मदत घेण्यात कमीपणा नाही. मी मागे बसून तिच्या बोटांकडे पाहत होतो. प्रत्येक वळणावर दोन बोटे लिव्हरवर आधीच टेकलेली होती, सहज, पेटीच्या पट्टीवर टेकावीत तशी.

घाट संपल्यावर रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या होत्या. तिने गाडी थांबवली, हातमोजे काढले. मूठ उघडमीट करील म्हणून मी वाट पाहिली. तिने ती केली नाही, सीताफळ फोडले.

“बियांना कागद हवा,” ती म्हणाली आणि पर्समध्ये हात घालून तिने एक घडी केलेला कागद काढला. ती घडी उलगडताना वरची ओळ मला दिसली: ‘विषय : बदलीबाबत विनंती.’

मी काही बोललो नाही. पहिली बी मीच त्यावर टाकली.