पादुआ : ऋणकोंच्या संताचे नगर

आमच्या घरी काही हरवले की आई संत अंतोनीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावीत असे. किल्ली असो, कानातले फूल असो, अंतोनी ते शोधून देणार याविषयी तिला तिळमात्र शंका नसे. हरवलेल्या वस्तूंचा संत, एवढ्याच ओळखीच्या शिदोरीवर मी इटलीतील पादुआ नगरीत उतरलो.

व्हेनिसपासून आगगाडीने अर्ध्या तासावर असलेले हे सुमारे दोन लाख वस्तीचे शहर. व्हेनिसचा दिमाख येथे नाही. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा कमानींचे ओटे आहेत. त्यांच्या सावलीतून चालताना ऊन-पावसाची पर्वा राहत नाही. येथील विद्यापीठ १२२२ सालचे. गॅलिलिओने १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षे येथे शिकविले. १६७८ साली एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली तीही येथेच. तिला खरे तर ईश्वरज्ञानाची पदवी हवी होती. परंतु स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. अशी ही ज्ञानी, तरीही आपल्या काळाच्या मर्यादांत अडकलेली नगरी.

अंतोनी मूळचे लिस्बनचे. तरीही पादुआकरांना त्यांचे नाव घ्यावे लागत नाही. त्यांच्या भव्य मंदिराला ते नुसते ‘संत’ म्हणतात. समाधीच्या शिळेवर हात टेकवून उभ्या असलेल्या भाविकांच्या रांगेत मीही उभा राहिलो. नंतर मुख्य वेदीवरील दोनातेल्लोची कांस्यशिल्पे पाहिली. त्यातले एक कंजूष श्रीमंताचे आहे. त्याच्या मृतदेहात हृदयच सापडत नाही. आख्यायिकेप्रमाणे ते सापडते त्याच्या तिजोरीत.

सावकारी हे त्या काळच्या पादुआचे दुखणे होते. १२३१ च्या उपवासकाळात अंतोनींनी येथे दररोज प्रवचने दिली. त्याच वर्षी १५ मार्चला नगरसभेने कायदा केला, की जो ऋणको आपली मालमत्ता धनकोच्या हवाली करील, त्याला यापुढे तुरुंगात डांबू नये. हे अंतोनींच्या विनंतीवरून झाले, अशी नोंद त्या कायद्यातच आहे. पुढे तीन महिन्यांच्या आत, १३ जूनला, ते ख्रिस्तवासी झाले. वर्षही पुरे होण्याआधी, ३० मे १२३२ रोजी, ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

दुसऱ्या दिवशी स्क्रोवेन्यी चॅपेल पाहिले. १३०५ साली अभिषेक झालेले हे चॅपेल एन्रिको स्क्रोवेन्यीने बांधले. त्याचा बाप रेजिनाल्दो नामांकित सावकार. दान्तेने त्याला नरकात बसविले आहे. बापाच्या पापाचे परिमार्जन म्हणून मुलाने हे मंदिर उभारले, असे परंपरा सांगते. आत जेमतेम पंधरा मिनिटे थांबता येते. जोत्तोच्या निळ्या छताखाली मी आधी मान वर करून उभा होतो. मग मागे वळलो. दाराच्या भिंतीवर अंतिम न्यायाचे चित्र होते, आणि नरकात सावकार आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी टांगलेले होते.

मला एकाएकी घरातले कपाट आठवले. त्यात माझ्या चुलतभावाच्या वाडीचा कागद होता. मुलीच्या लग्नासाठी त्याने माझ्याकडून व्याजाने पैसे घेतले होते. दोन वर्षे हप्ता थकला होता आणि तेव्हापासून मिस्सा संपली की तो मागच्या दाराने निघून जात असे. ‘कागद कागदाच्या जागी, नाते नात्याच्या जागी’, असे मी मनाला समजावीत आलो होतो.

परतल्यावर मी व्याज सोडले आणि कागद त्याच्या हाती दिला. मुद्दल सवडीने दे, म्हणालो. तो काहीच बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र मिस्सेनंतर तो चर्चच्या आवारात माझी वाट पाहत उभा होता.

हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्या त्या संताकडे हे मी कधी मागितलेही नव्हते.