ताऱ्याच्या जागी त्रिकोण

जुनी जीप दुरुस्त करायची म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होती तशी करायची, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. मधल्या काळात तिच्यावर जे काही चढलं, ते माझ्या लेखी गंजाच्याच खात्यात जमा होतं. आज ते मत राहिलेलं नाही. हा नाद असलेल्या बऱ्याच मित्रांशी त्यामुळे माझं हल्ली पटत नाही, म्हणून माझी बाजू एकदा मोकळेपणाने मांडतो.

जुनं मत काही हवेतलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातली जीप ही चीजच तशी आहे. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून त्या सहा लाखांहून जास्त बनवल्या. फोर्डच्या जीपचे बोल्ट पुसून उजेडात धरले, की त्यांच्या माथ्यावर बारीकसं ‘एफ’ अक्षर दिसतं. हेडलाइट सांध्यावर उलटा फिरवला, की त्याचा झोत थेट इंजिनावर पडतो. काळोखात बिघाड झाला तरी दोन्ही हात कामाला मोकळे. इतक्या विचाराने घडवलेली गाडी एकदा हाताळली, की ‘ओरिजिनल’चं वेड लागतंच. त्या ‘एफ’च्या बोल्टांसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात तेलकट पेट्या उपसल्या. डॅशबोर्डवरच्या पितळी पट्ट्या, अमेरिकन लष्कराची दुरुस्ती-पुस्तकं, जेरीकॅन, बाजूला पट्ट्याने बांधायचं फावडं आणि कुऱ्हाड, सगळं जमवलं.

पण युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या लिलावांतून जेवढ्या गाड्या इथे उरल्या, त्यांच्यापेक्षा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर खऱ्या अर्थाने राबली ती महिंद्राची जीप. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिसच्या जीपची जुळणी सुरू झाली, आणि पुढे सीजे-थ्री-बी हे मॉडेल आपल्याकडे दशकानुदशकं बनत राहिलं. अमेरिकेत ते १९६८ मध्येच बंद झालं होतं. या जीपचं बॉनेट उंच, कारण तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये नेले होते आणि इंजिनाची उंचीच वाढली होती. शौकीन मंडळी तिला ‘हाय बॉनेट’ म्हणतात, आणि बहुतेकांना हवी असते ‘लो बॉनेट’. मग बॉनेट कापून खाली घ्यायचं, जाळी बदलायची, लष्करी हिरवा मारायचा आणि वर पांढरा तारा काढायचा. उसाच्या पट्ट्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडून त्यांच्या गोठ्याशेजारी उभी असलेली सीजे-थ्री-बी मी घेतली, तेव्हा माझाही बेत हाच होता.

बॉनेटपासून सुरुवात केली. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर फिरवत होतो. वरचा पांढरा गेला, खालून निळा आला. निळ्याच्या खाली जुनी भेगाळलेली लांबी, आणि लांबी निघाली तशी राखाडी रंगावर एक लाल कड दिसू लागली. ती कड सरळ खाली उतरली आणि टोकाशी वळली. टोक खाली असलेला लाल त्रिकोण. कुटुंबनियोजनाचा.

माझ्या वयाच्या कुणालाही तो ओळखायला वेळ लागणार नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तो दवाखान्यांच्या भिंतींवर, एसटी स्टँडवर आणि गावोगाव फिरणाऱ्या सरकारी जीपांवर होता. वडिलांनी गाडी सरकारी लिलावात घेतली, एवढंच त्या कुटुंबाला माहीत होतं. त्याआधी ती डांबर न पाहिलेल्या वाटांनी डॉक्टर, नर्सबाई आणि औषधांच्या पेट्या घेऊन हिंडली, ही गोष्ट तिच्या पत्र्यानेच सांगितली. नेमक्या त्याच जागी मी अमेरिकन सैन्याचा तारा काढणार होतो. कारखान्यातून निघाली तोवर महायुद्ध केव्हाच संपलेलं होतं, अशा गाडीवर.

दुसरा धक्का चॅसिसने दिला. गाडीत मूळचं पेट्रोल इंजिन नव्हतं. १९७३ नंतर पेट्रोल महागलं तशी कित्येक जीपांत डिझेल इंजिनं बसली, तसंच हिच्यातही. मला पेट्रोल इंजिन परत बसवायचं होतं, म्हणून तालुक्याच्या गावी हे डिझेल इंजिन बसवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवायला नेली. ते खाली शिरले, बराच वेळ बोटं फिरवत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, “काढायचं आसंल तर काढा साहेब, पण आधी ही पट्टी का घातलीया ते बघा.” मग त्यांनी समजावलं. डिझेल इंजिन जड, आणि बंद होताना जोराचा हिसका देतं. त्या हिसक्याने चॅसिस माउंटिंगपाशी तडकते. म्हणून त्यांनी तिथे आतून पोलादी पट्टी जोडली होती. पट्टीची टोकं चौकोनी न ठेवता तिरकी कापली होती, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. पुढच्या पाट्यांत एक पान वाढवलं होतं. वेल्डिंगवर कानशीच्या खुणा अजून स्पष्ट होत्या. हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं. गाड्या तडकताना पाहून ते शिकले होते.

‘एफ’ अक्षराच्या बोल्टापुढे मी मान तुकवत होतो, आणि या पट्टीला ग्राइंडर लावायला निघालो होतो. दोन्हींत माणसाची अक्कल आहे, दोन्हींत काळाची साक्ष आहे. एक वारसा आणि दुसरा भंगार, असं मानायला मला कारण सापडेना. त्या दिवसापासून माझी बाजू बदलली.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांनी २०१२ मध्ये तुरीनची सनद स्वीकारली. तिचाही कल आधी जतनाकडे आहे, रिस्टोरेशन त्यानंतर. वापराच्या काळात गाडीत झालेले बदल तिच्या इतिहासाचा भाग मानले जातात. आपला नियम मात्र वेगळा आहे. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल नको. नियम नीट पाळायचा तर गावाकडे तीस-चाळीस वर्षं राबलेली जीप वारसा ठरतच नाही. या अटीत अशा जुन्या आणि नोंद असलेल्या बदलांना जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

याचा अर्थ जे आहे ते सगळं तसंच ठेवायचं, असा नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि वायरिंग यांच्यात मी तडजोड करत नाही. तिथे भावना बाजूला. पत्रा सडला असेल तर कापावाच लागतो. आणि लढाईत खरोखर वापरलेली जीप, जिच्या नंबरांवरून ते सिद्ध होतं, तिच्या बॉनेटवर तारा जरूर शोभावा. माझा आग्रह एवढाच, की प्रत्येक गाडीला तिचं स्वतःचं आयुष्य मिळावं, दुसरीचं उसनं नको. या जीपचं बॉनेट आज उंचच आहे, डिझेल इंजिन जागेवर आहे, पट्टीही आहे. त्रिकोणावर मी नवा रंग चढवला नाही. जेवढा शिल्लक होता तेवढ्यावर लॅकरचा हात दिला.

माझा संग्रहही त्यामुळे बदलला. पितळी पट्ट्या अजून आहेत, पण आता मी सरकारी जीपांची लॉगबुकं शोधतो, जुन्या आरसी बुकांच्या प्रती, गॅरेजवाल्यांच्या उधारीच्या वह्या आणि चालकांच्या तोंडून ऐकलेले घाटांचे अनुभव गोळा करतो. विलिसच्या इतिहासावर जगात कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. आपल्या जीपांचा इतिहास मात्र सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसं भराभर कमी होत आहेत.

म्हणून ज्यांच्या अंगणात किंवा गोठ्यात अशी जीप उभी आहे, त्यांना एक विनंती. ती कुणालाही विकण्याआधी, अगदी माझ्यासारख्याला देण्याआधी, चारी बाजूंनी आणि खालूनही तिचे फोटो काढा. ती कोण चालवायचं, कुठे जायची, कुणी दुरुस्त करायचं, हे घरातल्या थोरांना विचारून वहीत लिहा, आणि ती वही गाडीच्या कागदांसोबत द्या. घेणाऱ्यानेही किंमत ठरवण्याआधी ती मागून घ्यावी.