गोड्या पाण्यातली गलबतं

समोर समुद्रच होता. क्षितिजापर्यंत पाणी, दीपगृह, मधूनच डोकं वर काढणारी बेटं, ओळीनं मोटारी पोटात घेऊन निघालेली ‘ची-चीमॉन’ नावाची भलीमोठी फेरीबोट, वर कलकलाट करणारे सीगल. नव्हता तो फक्त वास! मालवणच्या जेटीवर पाऊल टाकलं की खारा, माशांचा, ओल्या जाळ्यांचा दर्प नाकात शिरतो. इथं त्यातलं काहीच नाही. नुसती देवदाराची आणि ओल्या दगडाची थंड हवा. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं, तर गोडं!

“अरे, तळं आहे हे,” माझा तळवड्याचा मित्र म्हणाला. चाकणची नोकरी सोडून तो कॅनडात मिसिसॉगाला स्थायिक झाला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तळं! या ह्यूरन सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे ५९,६०० चौरस किलोमीटर. जॉर्जियन बे ही त्याची नुसती एक खाडी, पण तिच्यातही आपला पुणे जिल्हा जवळजवळ पूर्ण मावेल. पवनेच्या बॅकवॉटरला तंबू ठोकून ‘केवढं पाणी!’ म्हणणारे आम्ही. इथं मोजायला मापच उरलं नाही.

गावाचं नाव टोबरमोरी. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ब्रूस द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला चिकटलेलं, चार दुकानांचं, दोन बंदरांचं गाव. बंदरांची नावं लिटल टब आणि बिग टब. काठाचा खडक पांढुरका, पायऱ्यापायऱ्यांचा. सह्याद्रीचा काळा कातळ बघत वाढलेल्या डोळ्यांना तो चुना फासल्यासारखाच वाटतो. त्या पांढऱ्यावरून पाणी आधी काचेसारखं, मग पाचूसारखं हिरवं आणि एकदम गर्द निळं होत जातं. आणि या निळ्याच्या तळाशी वीसपेक्षा जास्त बुडालेली जहाजं! १९८७ सालापासून हा सगळा भाग ‘फॅदम फाइव्ह’ नावाचं राष्ट्रीय सागरी उद्यान आहे. ताडोबात लोक वाघ बघायला जातात, तसे इथं बुडालेली गलबतं बघायला येतात.

इतकी जहाजं इथंच का बुडाली? एकोणिसाव्या शतकात या भागात रस्ते नव्हते. लाकूड, धान्य, कोळसा, माणसं, सगळं पाण्यावरून जायचं. द्वीपकल्पाचं टोक आणि पलीकडचं मॅनिटूलिन बेट यांच्यामधली वाट अरुंद, त्यात पाण्याखाली दबा धरून बसलेले खडक. शिवाय हिवाळ्यात सरोवर गोठायला लागायचं. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला दर्या पुन्हा खुला होतो. इथं उलटं. दर्या बंद करतो बर्फ, आणि बर्फाच्या आधी शेवटची एक खेप मारू म्हणत कप्तान नोव्हेंबरच्या वादळात शिरायचे.

पाण्यात उतरायची तयारी हा तर एक सोहळाच. तारकर्लीत आम्ही डायव्हिंग शिकलो ते पातळ सूट घालून, कोमट पाण्यात. इथं सात मिलिमीटर जाडीचा रबरी सूट, त्यावर टोपडं, हातमोजे, बूट. घालून होईपर्यंत सप्टेंबरच्या त्या गारठ्यातही घाम फुटला. हवेच्या नळकांड्याला जोडायचा रेग्युलेटरसुद्धा थंड पाण्यासाठीच बनवलेला लागतो, नाहीतर आत बर्फ धरून तो अडकतो आणि हवा भसाभस बाहेर फेकत सुटतो. आणि मग ती रीत! बोटीवरच्या एकानं थर्मास उघडला. मला वाटलं चहा. त्यानं सरळ माझ्या सुटाची मान ओढली आणि कोमट पाणी आत ओतलं. मित्राच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी तर दोन्ही हातमोजे पुढे केले, तीर्थ घ्यावं तसे. सूट आधीच गरम पाण्यानं भरला की थंड पाणी आत शिरायला जरा वेळ लागतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण पाठीवरून ती ऊब ओघळत गेली तेव्हा नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नानच आठवलं.

पहिली डुबकी बिग टबमध्ये, ‘स्वीपस्टेक्स’वर.

मी डोकं पाण्याखाली घालतो आणि कपाळावर कुणीतरी बर्फाची लादी ठेवतं. दात रेग्युलेटरवर घट्ट आवळले जातात. श्वास. आणखी एक श्वास. मग खाली बघतो, आणि थंडी विसरतो. खाली गलबत आहे! फुटके तुकडे नव्हेत, अख्खं गलबत! नाळेपासून पिछाडीपर्यंत ३६ मीटर लांबीची लाकडी काया पांढऱ्या वाळूवर टेकली आहे. पाणी उणंपुरं सहा मीटर, त्यामुळे वरचं ऊन थेट डेकवर सांडतंय आणि फळ्यांवरून उजेडाच्या जाळ्या सरकताहेत. नाळेजवळ नांगर ओढायचा रहाट आहे, अजून जागच्या जागी. मी इतका जवळ जातो की लाकडाचे रेषे दिसतात. एका फटीतून तांबूस डोळ्यांचा बास मासा बाहेर येतो, माझ्याकडे घरमालकासारखा बघतो आणि परत आत जातो. मागून आत डोकावायला जागा आहे, पण आत शिरायला सक्त मनाई.

दोन डोलकाठ्यांचं हे गलबत १८६७ साली बर्लिंग्टनला बांधलं. १८८५च्या ऑगस्टमध्ये कोव्ह बेटापाशी ते खडकावर जखमी झालं, ओढत या बंदरात आणलं आणि सप्टेंबरमध्ये इथंच बुडालं. १८८५! पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं ते वर्ष. तेव्हापासून हे लाकूड पाण्यात आहे आणि अजून लाकूडच आहे. समुद्रात हे शक्य नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो, दिसायला अळीसारखा पण जातीनं शिंपल्यांचा भाऊबंद. तो उघड्या लाकडाची काही वर्षांत चाळण करतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. शिवाय गारठ्यात कुजण्याचा वेगही मंदावतो. थंडी आमचे दात वाजवत होती, तीच या गलबताची राखण करत होती!

जवळच ‘सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स’ ही आगबोट. १९०७च्या ऑक्टोबरात ती शेजारच्या बंदरात पेटली. गाव वाचावं म्हणून जळती बोट बाहेर ओढून सोडून दिली, तर ती वाहत वाहत या बंदरात आली आणि गलबताच्या शेजारी जाऊन बुडाली. पाणी इतकं स्वच्छ की काचेच्या तळाच्या बोटींतून आजीआजोबासुद्धा दोन्ही जहाजं बघतात. डुबकी मारणाऱ्यांच्या वेळा त्यासाठी वेगळ्या ठरवलेल्या.

दुसऱ्या दिवशी रसेल बेटाजवळ ‘वेटमोर’. १९०१च्या नोव्हेंबरातल्या वादळानं या आगबोटीच्या फळ्या पत्त्यांसारख्या पसरल्या. त्यांच्या मधोमध भलामोठा बॉयलर आणि उताणं पडलेलं सुकाणू. आणि बॉयलर बघताच मला काय आठवावं? आमच्या चिखली-कुदळवाडीची पूर्वीची भंगाराची दुकानं! तिथं हा बॉयलर एक रात्र टिकला नसता. गॅस कटर, काटा, टेम्पो, विषय संपला. इथं शंभराहून जास्त वर्षं तो पडून आहे. साधा खिळासुद्धा उचलायला बंदी आहे. आधी नोंदणी करायची, सूचना ऐकायच्या, मगच पाण्यात. बघा, फिरा, हात लावू नका. सगळे पाळतात, हेच मला जहाजांइतकं नवलाचं वाटलं.

शेवटी ‘नायगारा टू’. हे जहाज वादळात बुडलेलं नाही, १९९९ साली डायव्हिंगसाठी मुद्दाम बुडवलेलं. ५५ मीटर लांब, तळ सुमारे ३० मीटरवर. आम्ही नवखे, म्हणून वरच्या भागापर्यंतच जायचं ठरलं. दोर धरून उतरतोय. अचानक खालचं पाणी थरथरायला लागतं. मे महिन्यात नाशिक हायवेच्या डांबरावर हवा थरथरते ना, हुबेहूब तसं! कोमट आणि थंड पाण्याची ती सीमारेषा. मी पाय खाली सोडतो, पाय हिवाळ्यात आणि डोकं अजून शरदात! पाणी चार अंशाला सर्वांत जड होतं, म्हणून खोल तळाशी बाराही महिने साधारण तेवढाच गारठा. ओठ बधिर होतात. आणि त्या निळ्या अंधारातून एक लोखंडी केबिन वर येते. जिने, दारं, खिडक्या. कुणी दार उघडून ‘या’ म्हणेल असं वाटतं. आपल्याकडेही नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली ‘गुलदार’ युद्धनौका सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात पाण्याखालचं आकर्षण म्हणून बुडवायचा प्रकल्प आहे. तो झाला की हा अनुभव व्हिसाशिवाय मिळेल.

सगळं आलबेल आहे असंही नाही. समुद्रातल्या जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर झेब्रा शिंपले या आणि शेजारच्या सरोवरांत आले. १९८८ साली ते पहिल्यांदा सापडले, मग क्वागा शिंपले आले. ते पाणी गाळून अधिक नितळ करतात खरे, पण माशांच्या पिल्लांचं अन्नही गाळून टाकतात आणि बुडालेल्या जहाजांवर थर चढवतात. नितळ दिसणारं पाणी निरोगी असतंच असं नाही.

पण सांगायचं ते वेगळंच. पाण्याखाली गेलेला ठेवा आपल्याकडेही आहे. पवना धरणातलं वाघेश्वराचं मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. उजनीच्या पोटात पळसदेवाचं प्राचीन मंदिर आहे, तेही पाणी उतरलं की दिसतं. म्हणजे आपल्याला ते बघायचं तर दुष्काळाची वाट बघावी लागते! आणि उजनीत पाणी कुठलं येतं? भीमेचं. भीमेला तुळापूरला मिळते ती आमची इंद्रायणी, चिखली-मोशीवरून फेस घेऊन जाणारी. पळसदेव जिथं उभा आहे, त्या पाण्यात आमच्या कारखान्यांचा आणि आमच्या मोऱ्यांचा वाटा आहे.

टोबरमोरीला जमलं तर जरूर जा. जाड सूट घ्या, थर्मासमध्ये कोमट पाणी न्या, सुरुवात ‘स्वीपस्टेक्स’नं करा. आणि परत आलात की आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: आपल्या भागातलं किती सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत जातं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.